वाऱ्याची बाजू

अमळनेरहून दुपारची एसटी, माणसं सात.
कंडक्टरनं विचारलं, "बोरखेड्याला कोणाकडे?"
कोणाकडे नाही, म्हटलं. आजोळ मोडून तीस वर्षं झाली.
एक पायरी बघायचीय.
"शूटिंगवाली ना?" त्यानं मशीनमधून तिकीट ओढलं,
"मग पाटीपाशी उतरा."

पाटी आहे खरंच. निळ्यावर पिवळं:
'येथे चित्रपटाची शुटींग झाली होती.'
खाली सौजन्य, कुठल्याशा कृषी केंद्राचं,
आणि बियाणं-खतं-औषधं यांच्यापेक्षा
लहान अक्षरात सिनेमाचं नाव.
बोरी नदीत वाळू. वाळूत ट्रॅक्टर.
घाटाच्या अकरा पायऱ्या, आणि जिथे पाणी असायचं
तिथे बाभळीची सावली, तीही अपुरी.

पुण्याहून आलेली दोघं होती आधीच.
ती खालून तिसऱ्या पायरीवर, हिरॉईन उभी होती तशी,
मान थोडी डावीकडे, ओढणी हातानं उंच धरलेली.
तो म्हणत होता, सोड आता, सोड,
आणि ओढणी सरळ खाली पडत होती.
मे महिना. पान हलत नव्हतं.

मी सातवी पायरी मोजत होते.

सिनेमात हिरॉईनच्या मागे, उजव्या कोपऱ्यात,
डोक्यावर हंडे घेऊन सहा बायका घाट चढतात.
हंडे रिकामे, चालायचं मात्र भरल्यासारखं.
पाचवी बाई नाही, पोरगी आहे, चौदा वर्षांची,
उसनं लुगडं घोट्याच्या वर आलेलं.
सगळ्या पुढे बघतात, सांगितलं होतं तसं.
ती एकटी वळून सरळ आपल्याकडे बघते.
दोन सेकंद.
मग हिरॉईनचा पदर मध्ये येतो.

ती माझी आई.
तिचा लग्नातला फोटो आहे, रेशनकार्डावरचा आहे,
एक दवाखान्यातला, तो मी कोणाला दाखवत नाही.
पण हलणारी आई एवढीच.
फोनमध्ये कापून ठेवलीय. ती गेल्यापासून
किती वेळा लावली, फोनलाच ठाऊक.
आणि दर वेळी त्या नजरेला नवा अर्थ:
नुकतीच शाळा सुटली होती, त्याचं असेल,
पुढचं सगळंच दिसलं असेल,
किंवा मला बघत असेल, जन्माच्या अकरा वर्षं आधी.
विचारायचं राहिलं. ती असताना
हा सिनेमा टीव्हीवर लागला की म्हणायची,
दूध बघ, उतू जातंय.

बाभळीखाली धुडकू आप्पा, शेळ्या चार.
त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.
"हाई तं कौतिका शे! गोकुळ सुतारनी आंडेर."
मी विचारलं, सगळ्या पुढे बघतात,
मग हीच का कॅमेऱ्याकडे बघते?
आप्पांनी आधी तंबाखू थुंकली, सावकाश.
"कॅमेराकडे कसाले दखी ती? पंखाकडे दखे!
एवढा मोठा पंखा, बैलगाडीवर आणेल व्हता,
हिरोइनना पदर उडाले पाहिजे म्हनीसन.
दोन दिन सगया वारा तिलेच.
आमले ऊन."

मी सातव्या पायरीवर जाऊन उभी राहिले.
बॅग डोक्यावर घेतली, दोन्ही हातांनी,
चार पावलं चढले, वळले.
समोर वाळू, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या.
तिथेच कुठेतरी असणार तो.
पाठीतून घामाची धार पार कमरेपर्यंत.
हसू आलं, मोठ्यानं आलं,
पुण्याची दोघं ओढणी गोळा करता करता
माझ्याकडे बघत राहिली.

परतीच्या बसला तास होता.
आप्पांशेजारी बसून तो तुकडा परत लावला,
आवाज बंद करून, शेळीला कोपरानं लांब ढकलत.
इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं:
दुसऱ्या सेकंदाला, पदर मध्ये यायच्या जरा आधी,
तिच्या कपाळावरची एक बट हलते.
उडत नाही. हलते.

पोचला होता थोडासा.